दार ठोठावण्याची परवानगी

"फक्त एक बटण द्यायचे आहे, ते दाबले की मेसेजिंगचे ॲप उघडले पाहिजे," असे साहेब म्हणाले तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते, कारण आमच्या ॲप लिहिण्याच्या धंद्यात ज्या वाक्याची सुरुवात 'फक्त'ने होते, त्याची भरपाई बहुधा रविवारी करावी लागते.

तत्त्व सोपे आहे. ॲप स्वतःची एक यूआरएल स्कीम, म्हणजे हाकेचे नाव, नोंदवून ठेवते आणि त्या नावाने हाक मारली की ते ओ देते. मी मात्र वळणाचा माणूस. थेट हाक मारण्याआधी समोरचा घरी आहे का हे विचारावे, म्हणून आयफोनच्या 'कॅन-ओपन-यूआरएल' या फंक्शनला विचारले. उत्तर आले: नाही. ॲप माझ्या डोळ्यांदेखत पहिल्याच स्क्रीनवर, तीन न वाचलेल्या संदेशांचा लाल ठिपका मिरवत बसले होते, आणि आयफोन खुशाल 'नाही' म्हणत होता.

स्पेलिंग तपासून झाले, ॲप काढून पुन्हा टाकून झाले, फोन दोनदा बंद करून झाला. शेवटी लॉगच्या, म्हणजे फोनने केलेल्या नोंदींच्या, ढिगाऱ्यात एक ओळ सापडली, तिचा मथितार्थ असा, की ही स्कीम विचारण्याची तुमच्या ॲपला परवानगीच नाही. 2015 मध्ये आलेल्या आयओएस 9 या आयफोनच्या प्रणालीपासून, ज्यांची चौकशी करायची त्या स्कीम इन्फो-पीलिस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलीत आधी जाहीर कराव्या लागतात, आणि आता त्या यादीतही 50च नावे बसतात. नियमामागचे कारण रास्त आहे: काही ॲप्स एकेक नाव विचारत तुमच्या फोनमध्ये काय काय आहे याची गुपचूप खानेसुमारी करत असत. परंतु गंमत अशी, की न विचारता थेट दार ढकलले तर ते या यादीशिवायही उघडते. म्हणजे सगळा दंड विचारणाऱ्याच्याच माथी.

अँड्रॉइडकडे धाव घेतली, तर तिथेही अकराव्या आवृत्तीपासून हेच सोवळे. मॅनिफेस्ट या ॲपच्या जाहीरनाम्यात 'क्वेरीज', म्हणजे चौकशीची यादी, लिहिल्याशिवाय 'हे कोण उघडेल?' असे विचारणारे 'रिझॉल्व्ह-ॲक्टिव्हिटी' कोरा 'नल' (काहीच नाही) हातावर ठेवते. अखेर सभ्यपणा गुंडाळून ठेवला, न विचारता थेट उघडणारे 'स्टार्ट-ॲक्टिव्हिटी' केले आणि दार नसलेच तर कपाळमोक्ष होऊ नये म्हणून खाली चूक झेलणाऱ्या 'ट्राय-कॅच'ची गादी अंथरली.

रात्री दीड वाजता दोन्ही फोनवर ॲप उघडले. सोबत आधीच लिहिलेला मजकूरही जायचा होता, म्हणून चाचणीसाठी मी "काम झाले & आता चार दिवस रजेवर जातो" असे घातले आणि साहेबांना पाठवून दिले. यूआरएलमध्ये '&' आला की तिथे एक पॅरामीटर, म्हणजे माहितीचा एक तुकडा, संपतो आणि दुसरा सुरू होतो, म्हणून तो एन्कोड करून, म्हणजे सांकेतिक रूपात, '%26' असा पाठवायचा असतो, हे मला सकाळी आठवले. साहेबांना फक्त "काम झाले" एवढेच पोहोचले होते, आणि त्याखाली त्यांचे उत्तर होते: "उत्तम! आता फक्त आणखी एक बटण."