आधी बिघाड विचारा, मग भाव

"दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर सरळ नवीन घ्यायचं." हा नियम कुणी काढला देव जाणे, पण मिक्सरपासून मोटरसायकलपर्यंत सगळ्यांना लावला जातो. मध्यंतरी आमच्या फॅमिली ग्रुपवर तो प्लेस्टेशनला लागला. ताईकडचा पीएस४ बंद पडला, दाजींनी नुसतं "किती खर्च येईल?" असं विचारलं, आणि ज्यांनी जन्मात कंट्रोलर हातात धरला नाही अशा काकामंडळींनी निकाल देऊन टाकला: भंगारात घाला.

माझं म्हणणं, गेम कन्सोलच्या बाबतीत "किती" हा नंतरचा प्रश्न. आधी "गेलंय काय" ते कळलं पाहिजे. काही बिघाडांवर चार-पाच हजार घातले तरी वसूल होतात, काहींवर पाचशे घातले तरी पाण्यात.

ताईकडचंच बघा. बटण दाबलं की बीप वाजायचा, निळी लाइट लागून पांढरी व्हायची, कंट्रोलरही जोडला जायचा. टीव्हीवर मात्र 'नो सिग्नल'. म्हणजे मशीन चालू होतंय, चित्र तेवढं बाहेर येत नाही. केबल बदलली, दुसरा टीव्ही लावून पाहिला. पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत दाबून धरलं की सेफ मोड, म्हणजे अडचणीच्या वेळचा साधा मेनू, सुरू होतो, तोही दिसेना. मग संशय मागच्या एचडीएमआय पोर्टवर, म्हणजे टीव्हीची केबल जिथे खोचतात त्या खाचेवर. या पोर्टमध्ये १९ बारीक पिना असतात, आणि केबल लावलेली असताना कुणी कन्सोल ओढला की मार त्यांनाच बसतो. मोबाइलचा टॉर्च मारला तर एक पिन मुडपून शेजारणीला टेकलेली चक्क डोळ्यांना दिसत होती.

तरीही एका सर्व्हिस सेंटरने मशीन न उघडताच "बोर्ड गेलाय, बदलावा लागेल" असं सांगून टाकलं. आकडा असा, की तेवढ्यात सेकंडहँड पीएस४ घरी आला असता. दाजींचं मन तिथेच उडालं. शेवटी पुण्याच्या तापकीर गल्लीच्या मागच्या बाजूला बोर्डाचं काम करणारा एक पोरगा सापडला. त्याने आधी पोर्ट मायक्रोस्कोपखाली धरून आम्हाला दाखवला आणि म्हणाला, "पोर्टचे अडीच हजार. मागची एचडीएमआय चिप गेली असली तर वेगळे, पण ते विचारल्याशिवाय करणार नाही." हे वाक्य ऐकलं की समजायचं, माणूस पैसे देण्यासारखा आहे. फ्लक्स लावून, खालून बोर्ड तापवून, वरून हॉट एअरने त्याने जुना पोर्ट उचलला, जागा साफ केली, नवा बसवला आणि एकेका पिनेला मीटर लावून पाहिलं. पंख्यात आणि हीटसिंकमध्ये धुळीची गोधडीच निघाली होती, ती साफसफाई त्यातच.

पोर्ट, पंखा, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क: यांतलं काहीही गेलं असेल तर बिनधास्त पैसे घाला. हार्ड डिस्क तर पीएस४मध्ये साधी अडीच इंची, घरच्या घरी बदलता येते.

याउलट, निळी लाइट नुसती धडधडत राहून मशीन बंद होतंय आणि समोरचा म्हणतोय "चिप तापवून बसवतो", तर हात आखडता घ्या. मुख्य चिपखालचे सोल्डरचे टाके तापवून पुन्हा जुळवायचा हा खेळ जुना आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलवर बिघाडाच्या लाल लाइट यायला लागल्या तेव्हा लोकांनी चालू मशीन टॉवेलात गुंडाळून तापवलं होतं! काही मशीन उठायचीही, आणि थोड्या दिवसांत पुन्हा आडवी व्हायची. त्या भानगडीपायी मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली. बनवणाऱ्या कंपनीला जे एवढं महाग पडलं, ते कुणी हजार रुपयांत 'गॅरंटीने' करून देतो म्हणत असेल तर ती गॅरंटी किती दिवसांची, तेवढं कागदावर लिहून घ्या.

आता पैशांचं बोलू. पीएस४ जानेवारी २०१४ मध्ये भारतात आला तो ३९,९९० रुपयांना. पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. काकांचा नियम लावला तर अडीच हजार किस झाड की पत्ती. पण काका ज्या नव्याशी तुलना करतात त्यात भाच्याची सेव्ह फाइल, म्हणजे खेळ कुठवर आलाय त्याची नोंद, नसते! पीएस४ची हार्ड डिस्क त्या-त्या मशीनपुरती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असते. ती काढून दुसऱ्या पीएस४ला लावली तर तो आधी फॉरमॅटच मागतो. पीएस प्लस ही सोनीची वर्गणीची सेवा घेतलेली असेल तर सेव्ह क्लाउडवर असतात. नसेल तर पेन ड्राइव्हवर घ्यायला तेच मशीन चालू असावं लागतं. भाचा दहावीच्या सुट्टीपासून जे खेळतोय ते सगळं त्या डब्यात अडकलेलं. "परत पहिल्यापासून खेळ की," असं म्हणणाऱ्याला एकदा त्याच्या टॅलीचा डेटा उडवून दाखवावा.

शिवाय गेमच्या डिस्कांचा ढीग. पीएस४चे बहुतेक सगळे गेम पीएस५वर चालतात हे खरं, पण स्वस्त पडतो म्हणून डिजिटल एडिशन उचललात तर त्यासोबत डिस्क ड्राइव्हच येत नाही. मग कपाटातल्या डिस्का काय चहाच्या कपाखाली ठेवायच्या?

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते. पीएस४चा डिस्क ड्राइव्ह बिघडला तर दुसऱ्याचा काढून बसवता येत नाही, कारण ड्राइव्हवरचा छोटा बोर्ड त्या मशीनच्या मदरबोर्डाशी जुळवलेला असतो. म्हणून ड्राइव्ह दुरुस्त करताना जुना बोर्ड जपून ठेवायला सांगा. तो हरवला की डिस्कवरचे गेम चालायचे बंद. अमेरिकेत २०२१ मध्ये कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली. आपल्याकडे २०२२ मध्ये सरकारने 'राइट टु रिपेअर', म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू झालं. पण सुरुवातीला निवडलेली क्षेत्रं म्हणजे शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. कन्सोलवाल्यांनी तापकीर गल्ली नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा.

काकांनी अजून माघार घेतलेली नाही. "अडीच हजारात चांगला कॅरम आला असता," असा मेसेज कालच ग्रुपवर पडलाय.

ता.क. नाशिकच्या एका मित्राचा पीएस५ तापून बंद पडतोय. त्यात चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू असतं, ते सांडलं तर बोर्डावर शॉर्ट. नाशिकमध्ये हे काम हाताखालून गेलेला कुणी माहीत असेल तर सांगा. "करून बघतो" म्हणणारे नकोत, ते दोन आधीच सापडलेत.