बेगमीपुरती तरी माती द्या

आज सकाळी कामावर जाताना ट्राममध्ये फोन उघडला आणि आमच्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एका स्नेह्यांनी टाकलेला तक्ता वाचण्यात आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी सहकुटुंब युरोपातील पाच प्राणिसंग्रहालये पाहिली आणि प्रत्येक ठिकाणच्या वुल्वरीन या उत्तरेकडच्या मांसभक्षक प्राण्याच्या आवाराला दहापैकी गुण दिले. त्यांच्या धाकट्याला या प्राण्याचे वेड आहे, आणि मुलाच्या वेडापायी बापाने एवढे श्रम घ्यावेत याचे मला मनापासून कौतुक वाटले. पण मग गुण वाचले. ज्या आवारात प्राणी काचेपासून हातभर अंतरावर सारखा फिरत होता त्याला नऊ, आणि येथल्या नॉर्डेन्स आर्क या प्राणिसंग्रहालयातल्या आवाराला तीन. शेरा असा : ‘पाऊण तास थांबलो, प्राणी दिसलाच नाही, तिकिटाचे पैसे वाया गेले.’ त्याखाली सतरा जणांचे लाइक होते. ते पाहता पाहता माझा उतरण्याचा थांबा मागे गेला.

तेथेच उत्तर लिहायला घेतले होते, परंतु ते लांबत गेले, म्हणून येथे लिहिते आहे.

नऊ गुण मिळालेले ते आवार मी पाहिलेले आहे. मध्य युरोपातल्या एका मोठ्या शहरातले ते प्राणिसंग्रहालय आहे. नाव लिहीत नाही, कारण तेथील माणसांशी माझे भांडण नाही. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी आणि माझी मुलगी त्या काचेसमोर उभ्या होतो. खडकासारखा रंग दिलेली काँक्रीटची जमीन, सिमेंटमध्ये रोवलेले एक वठलेले खोड, आणि मागच्या भिंतीवर बर्फाच्छादित डोंगरांचे भले मोठे चित्र. खाण्याची वेळ झाली तसा कर्मचाऱ्याने झडपेतून मांसाचा एक तुकडा आत सरकवला. वुल्वरीनने तो खाल्ला नाही. तुकडा तोंडात धरून तो कोपऱ्यात गेला, खाली ठेवला, आणि पुढच्या दोन्ही पंजांनी काँक्रीट खणू लागला. मग नाकाने, लहान मूल हाताने पाटी पुसते तसे, नसलेली माती त्या तुकड्यावर लोटू लागला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन पावले मागे सरून त्याने पाहिले, तर तुकडा तसाच उघडा. तो पुन्हा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला आणि तेथे सारे पहिल्यापासून सुरू केले. माझ्या मुलीने मोजले, सहा वेळा. शेजारचे एक गृहस्थ हसत व्हिडिओ घेत होते. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती; तिने विचारले, ‘‘आई, त्याला कोणी माती का देत नाही?’’

वुल्वरीन म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना हॉलीवूडचा पोलादी नखांचा नायक आठवतो. खरा वुल्वरीन हा आपल्या कोकणातल्या खाड्या-नद्यांमध्ये राहणाऱ्या पाणमांजराच्या कुळातला, आणि त्या कुळातील जमिनीवर राहणाऱ्यांमध्ये आकाराने सर्वांत मोठा. नराचे वजन साधारण पंधरा किलो, ठेवण लहानशा अस्वलासारखी, केस दाट तपकिरी, आणि दोन्ही कुशींवरून शेपटीकडे गेलेला एक फिकट पट्टा. येथे त्याला यॅर्व म्हणतात, फिनलंडमध्ये आह्मा. एकेका नराचा वावर शेकडो चौरस किलोमीटरचा असतो. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये जीपीएसचा पट्टा लावलेला एक नर ऐन हिवाळ्यात माउंट क्लीव्हलँडचा शेवटचा ४,९०० फुटांचा चढ दीड तासात चढून गेला होता. सिंहगड जवळजवळ दोनदा, तोही बर्फातून.

त्याचे शास्त्रीय नाव गुलो गुलो. लॅटिनमध्ये गुलो म्हणजे खादाड. सोळाव्या शतकात येथल्याच एका धर्मगुरूने लिहून ठेवले की हा प्राणी पोट ढोलासारखे फुगेपर्यंत खातो, मग दोन झाडांच्या फटीतून अंग दाबून पोट रिकामे करतो आणि पुन्हा खायला येतो. ती बदनामी त्याला आजवर चिकटून आहे. प्रत्यक्षात तो बेगमी करणारा प्राणी आहे. लांडग्याने किंवा लिंक्स या मोठ्या रानमांजराने मारलेल्या रेनडिअरचे लचके तोडून तो दूर नेतो आणि बर्फात, दलदलीतल्या शेवाळाखाली, खडकांच्या कपारीत पुरून ठेवतो. थंडीमुळे त्याला कीड लागत नाही आणि ते सडतही नाही. मादी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, बाहेर सारे गोठलेले असताना, खोल बर्फात खणलेल्या बिळात विते. पांढरीशुभ्र, डोळे मिटलेली दोन-तीन पिल्ले अंगावर पीत असतात, आणि त्या दिवसांत तिला या पुरलेल्या साठ्याचा मोठा आधार असतो. मृगापूर्वी आपल्या आज्या आगोटीची बेगमी करीत, तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या भरून ठेवीत, तेव्हा त्यांना कोणी खादाड म्हणत नव्हते.

हे सारे माहीत झाल्यावर त्या काचेमागे मी काय पाहिले होते ते मला उमगले. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या जे करीत आल्या तेच तो करू पाहत होता, आणि पायाखालची जमीन त्याला ते करू देत नव्हती. म्हणून वुल्वरीनचे आवार चांगले की वाईट हे ठरवताना मी पहिला प्रश्न एकच विचारते : याला आपला घास पुरता येतो का? आवार किती चौरस मीटर, काच किती स्वच्छ, पाटी किती रंगीत, हे सारे त्यानंतरचे.

मी काही फार ठिकाणे पाहिलेली नाहीत, पण पाहिली त्यांबद्दल लिहिते. फिनलंडमधील रानुआचे प्राणिसंग्रहालय, आर्क्टिक वृत्ताच्या थोडेसे खाली, १९८३ मध्ये सुरू झालेले. तेथे आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालत वुल्वरीनपाशी पोहोचलो तर बर्फावर फक्त पावलांचे ठसे, आणि एका पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी आत गेलेले एक भोक. त्या भोकाच्या तोंडाशी श्वासाने बर्फाचे बारीक दाणे जमले होते. तेवढेच पाहून आम्ही परत आलो. इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळचे ‘बेअर वूड’ २०१९ मध्ये उघडले. जुन्या जंगलातून उंचावर लाकडी वाट काढली आहे आणि खाली अस्वले, लांडगे, लिंक्स आणि वुल्वरीन राहतात. तेथे बर्फ क्वचितच पडतो, पण पायाखाली शतकानुशतके पाने कुजून झालेली मऊ माती आहे, आणि ती उकरली जाते. स्टॉकहोमचे स्कॅन्सन हे खुले संग्रहालय तर १८९१ पासूनचे, शहराच्या मधोमध एका टेकडीवर. जागा मर्यादित, उन्हाळ्यात गर्दी भरपूर. तरीही तेथे खडक आहे, उतार आहे. म्हणजे प्रश्न श्रीमंतीचा किंवा हवामानाचा नाही.

कोणी म्हणेल, हा प्राणी खणून बाहेर पडतो, झाडावर चढून उडी टाकतो, म्हणून काँक्रीट घालावे लागते. त्यात तथ्य आहे, मान्य. पण बाकीच्यांनी काय केले? कुंपणाची जाळी जमिनीखाली खोलवर नेली, वरच्या टोकाला आतल्या बाजूस झुकता पत्रा लावला, विजेची तार ओढली, आणि मधली जमीन प्राण्याला दिली. आणि काँक्रीटवाल्यांनी? भिंतीवर हिमशिखरे रंगवली! ते चित्र कोणासाठी काढले आहे? ज्याला डोंगर हवा आहे त्याच्या पाठीशी ते आहे, आणि ज्यांनी तिकीट काढले आहे त्यांच्या डोळ्यांसमोर. त्या रंगाच्या पैशात दोन ट्रक माती आली असती. मला आजही, हे लिहिताना, त्या निळ्या-पांढऱ्या रंगाचा संताप येतो.

आणि तो ‘सारखा फिरत होता’ हा शेरा! स्नेह्यांनी त्याला ‘अतिशय सक्रिय’ असे म्हटले आहे. आम्हीही ते फिरणे पाहिले होते. आठ पावले, त्याच जागी वळण, वळताना मानेला तोच झटका, परत आठ पावले. काचेलगत जमिनीवरचा खडकाचा रंग वीतभर रुंदीच्या पट्टीत उडून गेला होता आणि खालचे करडे सिमेंट दिसत होते. ती पट्टी त्याच्या पायांनी झिजवली आहे. शेकडो किलोमीटर चालण्यासाठी जन्मलेल्या प्राण्याने आठ पावलांत केलेली ती चाल आहे, आणि तिला आपण नऊ गुण देतो, कारण आपल्याला फोटो चांगला मिळाला.

येथपर्यंत लिहून चहा करायला उठले होते. परत येऊन वरचे वाचले, तेव्हा त्या स्नेह्यांवर अन्याय होतो आहे असे वाटले. ते वाईट माणूस नाहीत. लेकराला घेऊन, डबा बांधून, दोन तास गाडी चालवून माणूस जातो आणि मूल रिकाम्या आवाराकडे पाहून रडवेले होते, तेव्हा बापाचा जीव तुटतो. लहानपणी पुण्यात वाघ झोपलेला दिसला की त्याने उठावे म्हणून मीही गजांशी उभी राहून टाळ्या पिटल्या आहेत; कोणी मला तसे करू नकोस म्हणाले नाही. जवळून पाहिल्याशिवाय मुलांना प्रेम लागत नाही हेही खरेच असावे, कारण माझी मुलगी या प्राण्याच्या प्रेमात पडली ती त्या काचेसमोरच, हे मला नाकारता येत नाही.

पण म्हणूनच मुलांना कशाची सवय लावायची याचा विचार करायला हवा. युरोपातली प्राणिसंग्रहालये मिळून वुल्वरीनच्या प्रजननाचा कार्यक्रम चालवतात. विण्याच्या दिवसांत मादीला निवांतपणा हवा असतो, नराला वेगळे ठेवण्याची सोय हवी असते, अंधारी, कोरडी, कोणी न डोकावणारी बिळे हवी असतात. चहूबाजूंनी काच असलेल्या जागेत हे कसे साधायचे? बाहेर तरी त्याचे काय चालले आहे? अलास्का सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सुमारे तीनशेच वुल्वरीन उरले आहेत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारने त्यांना धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घातले. वसंतातला बर्फ लवकर वितळू लागला की मादीचे बीळही जाते आणि साठवणीचे कोठारही. बाहेर बर्फ आटतो आहे आणि आत आपण काँक्रीट ओततो आहोत.

नॉर्डेन्स आर्कला तीन गुण! बोहुसलेनच्या किनाऱ्यावर, १९८९ पासून, हिमबिबट्यापासून बेडकांपर्यंत धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठी उभी असलेली ती संस्था आहे. आम्ही तेथे गेल्या नोव्हेंबरात गेलो होतो. रिमझिम, बोचरा वारा, साडेतीनलाच काळोख दाटू लागलेला. वुल्वरीनच्या आवारापाशी आमच्याखेरीज कोणी नव्हते. ग्रॅनाइटचे गोल खडक, त्यांच्यामधली झाडे, ओले शेवाळ. वीस मिनिटे गेली, चाळीस गेली. मुलीचे मोजे भिजले होते, मी निघू या म्हणणार तेवढ्यात तिने माझ्या कोटाची बाही ओढली. दोन खडकांच्या मागून तो आला, तोंडात केसांसकट हरणाच्या तंगडीचा तुकडा. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. एका खडकाच्या बुडाशी थांबून तो खणू लागला, आणि या वेळी काळी माती त्याच्या मागच्या पायांमधून उडाली. तुकडा आत ठेवला, नाकाने माती लोटली, डावीकडून, मग उजवीकडून, अगदी तसेच. वर शेवाळाची एक खपली ओढली. मग दोन पावले मागे सरून पाहिले. काही दिसत नव्हते. अंग झटकून तो झाडांत निघून गेला. सारे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील.

मुलगी बराच वेळ बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘‘ती जागा आपण कोणाला सांगायची नाही हं.’’ म्हणून खडक नेमका कोणता ते येथेही लिहीत नाही.

ते आवारही शेवटी कुंपणच आहे, आणि ग्लेशियरच्या त्या नराच्या मुलखापुढे रुमालाएवढे आहे, हे मी जाणून आहे. पण मांसाचा तुकडा त्या रुमालाखाली झाकला गेला.

तेव्हा त्या स्नेह्यांना माझी विनंती आहे : तक्ता काढून टाकू नका, श्रमाने केलेला आहे. त्यात आणखी तीन रकाने घाला. पायाखाली काय आहे, चढायला काय आहे, आणि आपल्याला न दिसता बसता येईल अशा किती जागा आहेत. मग गुण पुन्हा द्या, आणि ते मुलाला विचारून द्या. माझी खात्री आहे की त्या मुलालाही तो कोपऱ्यातला तुकडा दिसला असेल, मुलांना दिसते.

येत्या शनिवारी आम्ही पुन्हा नॉर्डेन्स आर्कला जात आहोत. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत, आणि त्यांतल्या दोन मी त्या बापलेकांसाठी धरून ठेवते आहे. सकाळी आठला निघायचे. रबरी बूट, लोकरीचे मोजे दोन जोड्या, आणि थर्मासमध्ये चहा मी घेते. प्राणी दिसेलच असे मी कोणालाही सांगत नाही. तेथे काचेवर टकटक करायला काच नाही, आणि तासभर तरी हळू आवाजात बोलावे लागेल.