प्रागचा ‘अंतिम न्याय’ मोझॅक कारखान्यांच्या धुराने काळवंडला?

प्रागच्या सेंट व्हायटस कॅथेड्रलच्या दक्षिण दारावर, म्हणजे सुवर्णद्वारावर, ‘अंतिम न्याया’चा (ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या शेवटी होणाऱ्या निवाड्याचा) मोझॅक, म्हणजे छोटे रंगीत तुकडे जोडून केलेले चित्र, आहे. त्याचे करडा आणि झळाळता असे दोन फोटो सध्या खूप फिरत आहेत. सोबतचा मजकूर असा: ‘सहाशे वर्षे झळाळणारी ही रंगीत दगडांची कलाकृती कम्युनिस्ट राजवटीतल्या धुराने काळी पडली. शास्त्रज्ञांनी ती धुऊन कायमची वाचवली.’ इतकी मोलाची कलाकृती इतक्या चुकीच्या माहितीसह फिरावी, याचे वाईट वाटते.

सुमारे 84 चौरस मीटरच्या या चित्रातले जवळपास दहा लाख तुकडे मुख्यतः काचेचे आहेत, आणि सगळे दुखणे त्या काचेतच आहे. इटलीतल्या मोझॅकची काच सोड्याची, म्हणून टिकाऊ. इथल्या काचेत पोटॅशियम फार. पावसाने ते बाहेर झिरपते, हवेतल्या सल्फर डायऑक्साइडशी त्याची प्रक्रिया होते आणि तुकड्यांवर क्षारांचा करडा थर चढतो. फोटोत दिसते ती काजळी नाही, झिजत चाललेल्या काचेवरचे किटण आहे.

सहाशे वर्षांची झळाळी तर मुळीच खरी नाही. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1370-71 मध्ये हे काम करवून घेतले. त्या काळचा इतिवृत्तकार बेनेश याने लिहून ठेवले की पाऊस जितका धुईल तितके हे चित्र अधिक स्वच्छ दिसते. नव्या कोऱ्या कामाकडे पाहून त्याला तसे वाटले असेल, पण पाऊसच या काचेचा वैरी ठरला. 1890 मध्ये मोझॅक भिंतीवरून उतरवावा लागला आणि 1910 मध्ये तो परत बसवला. कम्युनिस्ट सत्तेवर आले 1948 मध्ये! कोळशाच्या धुरातून हाच सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्याने झीज वाढवली, हे मान्यच; सुरुवात मात्र त्याने केली नाही.

‘कायमची वाचवली’ हे विधान मला सर्वात घातक वाटते, कारण त्यावर विश्वास ठेवला की देखभालीचा प्रश्नच कोणी विचारणार नाही. नुसते धुऊन भागत नाही. आधीही सफाई झाली होती आणि थर परत आला होता. म्हणूनच गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट ही कलाकृतींचे जतन करणारी अमेरिकी संस्था आणि प्राग किल्ल्याच्या प्रशासनाने 1992 पासून 2000 पर्यंत केलेल्या कामात सफाईनंतर काचेवर पारदर्शक संरक्षक थर दिले. त्यांतला सर्वात वरचा थर झिजण्यासाठीच असतो. तो वेळोवेळी तपासून नव्याने द्यावा लागतो.