घरातल्या रियाजासाठी इलेक्ट्रिक व्हायोलिन घेताय? आधी हाताचा विचार करा

सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील हमखास विचारतात, "फ्लॅटमध्ये राहतो, शेजाऱ्यांना त्रास नको. इलेक्ट्रिक व्हायोलिन घेऊन टाकू का?" प्रश्न रास्त आहे. नागपुरात मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर, जिकडे बघाल तिकडे भिंतीला भिंत लागलेली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि साधं व्हायोलिन जोरात वाजलं की वाजवणाऱ्याच्या डाव्या कानाशी ८५-९०च्या वर सहज जातं. नोकरी करणाऱ्या माणसाला रियाजाला वेळ मिळतो तो नेमका रात्रीच. तेव्हा शांत वाद्याची गरज खरीच आहे. माझं म्हणणं एवढंच की, ज्या वाद्यावर हाताला खोटी सवय लागेल ते कितीही शांत असलं तरी घेऊ नका.

इलेक्ट्रिक व्हायोलिनला पोकळ लाकडी पेटी नसते. ब्रिजमध्ये (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीत) किंवा ब्रिजखाली पिझो सेन्सर बसवलेला असतो. तो तारेचं कंपन पकडतो आणि ते सर्किटमधून हेडफोनला जातं. यामाहाने १९९७ साली 'सायलेंट व्हायोलिन' बाजारात आणलं, ते याच तत्त्वावर. पण 'सायलेंट' वाचून वाद्य अगदी मुकं असेल असं समजू नका. बो (गज) तारेवर फिरला की बारीक आवाज येतोच. दार लावलं तर तो शेजारच्या घरात जात नाही, पण त्याच खोलीत बाळ झोपलं असेल तर त्याला ऐकू येईल.

आता हाताबद्दल. लाकडी व्हायोलिनवर बोचा दाब जरा जास्त झाला की आवाज चिरकतो, कमी झाला की बो तारेवरून नुसता घसरतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यातच पहिली काही वर्षं जातात. पिझोला हलका बोही पुरतो, आणि त्यावर रिव्हर्ब (मोठ्या सभागृहात येतो तसा घुमारा) चढवला की कच्चा स्वरसुद्धा गोलाईदार ऐकू येतो. माझी एक विद्यार्थिनी नागपूरजवळच्या बुटीबोरीला नोकरी करते. तिने बरेच महिने रात्री हेडफोन लावून, रिव्हर्ब चालू ठेवून रियाज केला. मग वर्गात लाकडी व्हायोलिन हातात घेतलं तर मंद्र (खालच्या) सप्तकातला पंचम धरवेना. बो मध्यापर्यंत आला की थरथरायचा. मेहनत पूर्ण होती, ऐकू मात्र चुकीचं येत होतं. म्हणून माझ्याकडे नियम आहे की रियाजाला रिव्हर्ब बंद. पूर्ण बंद. स्वर कोरडा, उघडा लागतो आणि सुरुवातीला मन खट्टू होतं, पण तोच स्वर आपला खरा असतो.

गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वाजवणाऱ्यांनी तर हे जास्तच सांभाळावं. डॉ. एन. राजम किंवा पं. डी. के. दातार यांचं व्हायोलिनवादन ऐका. एकाच बोमध्ये मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) किती लांब जाते, आणि आवाज कुठे तुटत नाही. ती मींड बोच्या वजनावर उभी असते.

दुसरी गोष्ट बैठकीची. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवतो. बऱ्याच इलेक्ट्रिक मॉडेल्सचा आकार उभं राहून वाजवणाऱ्यांसाठी आखलेला असतो. काहींना डोकंच नसतं, मग पायावर टेकवायचं काय? काहींत पेटीचा उजवा खांदा कापलेला असतो. वरच्या स्वरांकडे जाताना तळहाताची कड जिथे टेकते ती जागाच गायब. नंतर लाकडी वाद्यावर हात चाचपडत राहतो. लांबी, वजन, चिन रेस्टची (हनुवटी टेकायच्या पट्टीची) उंची आपल्या नेहमीच्या व्हायोलिनच्या जितकी जवळ, तितकं चांगलं.

तानपुऱ्याचं तर कुणीच विचारत नाही! फोनमधला तानपुरा त्याच हेडफोनमध्ये ऐकू यावा यासाठी ऑक्स-इन (फोन वायरने जोडायची सोय) हवं. यामाहाच्या वायएसव्ही-१०४ला ते कंट्रोल बॉक्सवर मिळतं, हेडफोनचं आउटपुटही तिथेच. त्याच कंपनीचं वायईव्ही-१०४ दिसायला सुरेख आहे, पण त्याला हेडफोनची सोयच नाही. इथल्या देशपांडे सभागृहात फ्यूजन वाजवायचं असेल तर ते घ्या, रात्रीच्या रियाजाला नको. तसलं वाद्य नुसत्या मिक्सरला जोडलं तरी बहुधा आवाज पातळ आणि टोचरा येतो. पिझोला पुढे साधारण एक मेगाओहम अवरोधाचा (इम्पिडन्सचा) इनपुट लागतो, नाहीतर खर्ज खाल्ला जातो. आणि ब्लूटूथ हेडफोन मुळीच नको. बो फिरवल्यावर स्वर क्षणभर उशिरा येतो, लय पार बिघडते. वायरचाच घ्या, आणि आवाज बेताचा ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांचे कान वाचवताना आपले जातील.

एका बाबतीत मात्र इलेक्ट्रिकच्या बाजूने मी ठामपणे बोलेन, आणि ती बाब आपल्या नागपूरची आहे. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत, आणि खोलीत कूलरची ओली हवा. व्हायोलिनची पेटी सरसाने जोडलेली असते. उष्णतेने आणि ओलाव्याने ते जोड सुटतात, कोरड्या हवेत लाकूड आकसतं, तडा जातो. उन्हाळा संपता संपता कडेचे सांधे उघडलेली व्हायोलिनं दरवर्षी माझ्याकडे येतात. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिकला हा त्रास पुष्कळच कमी. शिवाय कूलरच्या घरघरीवर मात करायला मुलं नकळत बो दाबून वाजवतात. हेडफोन लावला तर तेवढं तरी टळतं. तरी कूलरच्या झोतात कुठलंही वाद्य ठेवू नका.

मग घ्यावं कुणी? शिकण्याच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना पेटीचं कंपन हनुवटीला, छातीला जाणवू द्या. शेजाऱ्यांची काळजी असेल तर ब्रिजवर बसणारा रबरी म्यूट आणा, अगदी स्वस्तात येतो. धातूचा म्यूट आवाज आणखी दाबतो, पण निसटून पडला तर पॉलिशवर ओरखडा काढतो, लहान हातात देऊ नका. आणि शेजारच्या काकूंना एकदा जाऊन सांगा, "संध्याकाळी सहा ते सात वाजवते, चालेल ना?" बहुतेक काकू हो म्हणतात, वर चौकशीही करतात.

हात बसलेला आहे, पण वेळ रात्री दहानंतरच मिळतो, त्यांनी जरूर घ्यावं. मात्र ऑनलाइन दहा-पंधरा हजारांत जी चकचकीत, रंगीत मॉडेल्स दिसतात, त्यांत सर्किटची घूं-घूं असते, ब्रिज नीट बसवलेला नसतो, खुंट्या घसरतात. तेवढ्या पैशात बरं लाकडी व्हायोलिन आणि म्यूट येतं, ते घ्या. पुरेसे पैसे साठेपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही.

दुकानात जाताना स्वतःचं लाकडी व्हायोलिन, बो, वायरचा हेडफोन आणि फोनमधला तानपुरा घेऊन जा. जमिनीवर बसूनच वाजवून बघा. दुकानदार खुर्ची देईल, नम्रपणे नको म्हणा. रिव्हर्ब बंद करा, तारा आपल्या षड्जाला उतरवा आणि एकच स्वर टोकापासून टोकापर्यंत सावकाश ओढत राहा. मग तोच स्वर आपल्या लाकडी व्हायोलिनवर घ्या. हाताला दोन्हीकडे सारखंच काम करावं लागत असेल, तरच पैसे मोजा.