धान्याला गोळ्या लावलेल्या घरात कुणी झोपू नका

भाव नाही म्हणून माल घरात ठेवलाय, समजू शकते. वर्षाची बेगमी घरातच राहणार, तेही कळतं. पण तुरीच्या, हरभऱ्याच्या, गव्हाच्या कट्ट्यांत किडीसाठी विषारी गोळ्या खोचायच्या आणि रात्री त्याच खोलीत लेकरांना झोपवायचं, हे थांबवा. हात जोडून सांगते.

आमच्या मराठवाड्यात कितीतरी घरांत धान्याला वेगळी खोली नसते. जी बैठक तीच झोपायची खोली, आणि तिच्याच भिंतीला लागून पत्र्यापर्यंत कट्ट्यांची थप्पी. एक बारकी खिडकी, पावसाळ्यात तीही लावलेली. धान्य वाळवणं, पाखडणं, भरणं हे सगळं आम्हा बायकांच्या हातचं काम, त्यामुळे गोळ्याही आम्हीच लावतो. जुन्या साडीची चिंधी फाडायची, गोळी तिच्यात बांधून पुरचुंडी करायची, कोपरापर्यंत हात घालून ती कट्ट्याच्या मधोमध बसवायची आणि तोंड सुतळीनं शिवायचं. काही आठवड्यांनी कट्टा उघडला की चिंधीत नुसती करडी पूड सापडते. गोळी गेली कुठे, हे कुणी विचारत नाही. ती घराच्या हवेत गेलेली असते.

ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. गावात तिला सल्फास म्हणतात. हवेतला आणि धान्यातला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम. आता हिशेब बघा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे २८ घनमीटरच्या आसपास हवा. दारं-खिडक्या बंद असतील तर एका गोळीनं त्या खोलीत सुमारे २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, फॉस्फिन होऊ शकतो. अमेरिकेत कामगाराला आठ तासांच्या पाळीत सरासरी ०.३ पीपीएमपर्यंतच चालतो. ५० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका धरतात. सगळा वायू एकदम सुटत नाही, थोडा फटींतून बाहेर जातो, हे मान्य. पण एक गोळी लावून थांबतंय कोण? कट्ट्यामागे एक हा तर ठरलेला हिशेब, आणि थप्पीत कट्टे असतात वीस-पंचवीस.

‘वास आला की कळेल’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते. शुद्ध फॉस्फिनला जवळजवळ वास नसतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा जो वास येतो तो मुख्यतः त्यातल्या भेसळीच्या घटकांचा. तो येईलच असं नाही, आणि येत नाही म्हणजे खोली सुरक्षित आहे असंही नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे सुरुवातीची लक्षणं अगदी साधी वाटतात. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, डोकं जड होणं, छातीवर दाब. घरातले म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. लिंबू-पाणी देतात आणि पुन्हा त्याच खोलीत निजवतात. दवाखान्यात नेलं तरी डॉक्टरांना धान्याचं कुणी सांगत नाही, मग सलाईन लावून घरी पाठवलं जातं. या विषाला उतारा नाही. रक्तदाब पडतो, हृदय थकतं, आणि लहान मुलांना सगळ्यात आधी गाठतं. म्हणून एकाच घरात दोघा-तिघांना एकाच रात्री उलट्या सुरू झाल्या, तर आधी सगळ्यांना उघड्यावर काढा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘घरात धान्याला गोळ्या लावल्यात.’ गोळ्यांचं पाकीट असेल तर सोबत न्या.

राग येतो तो विक्रीचा. नियमाप्रमाणे हे औषध सरकारी संस्थांना किंवा कीडनियंत्रण करणाऱ्यांनाच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायला द्यायचं आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१ पासून पूर्ण बंदी आहे. तरी आठवडी बाजाराला गेलेल्या माणसाला ती कागदाच्या पुडीत सुटी मिळते. कसं लावायचं, घर किती दिवस सोडायचं, एक शब्द सांगितला जात नाही. दोष अशिक्षितपणाचा म्हणून हात झटकायचे, पण विकणारा तर परवाना घेऊन बसलाय ना?

बरं, गोळी लागतेच कुठे? सोयाबीनला सोंडे-भुंगे फारसे लागत नाहीत, ते खराब होतं ओलीनं आणि बुरशीनं. बुरशीवर ही गोळी काहीच काम करत नाही. तुरीला, हरभऱ्याला, मुगाला भुंगा लागतो, आणि त्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच दाण्यावर येतात. त्यावर कडक ऊन हा पहिला उपाय. दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवा आणि निववून मग भरा. तुरीची लवकर डाळ करून घ्या, अख्ख्या दाण्याला भुंगा जसा लागतो तसा डाळीला लागत नाही. खायच्या डाळीला एरंडेल चोळा, बियाण्याच्या मुगा-मटकीला चाळलेली राख. आणि ज्यांना परवडतं त्यांनी हवाबंद पिशव्या घ्या किंवा घट्ट झाकणाचे ड्रम काठोकाठ भरा. आत हवाच उरली नाही की किडे आपोआप गुदमरतात. हे काम बिनविषारी आहे, फक्त धान्य कोरडंठाक हवं.

हवेवरून पेवांचं, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांचं, सांगायलाच हवं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं सगळ्यांना माहीत आहेत, आमच्याकडे आणि सोलापुराकडे ज्वारीची होती. बंद पेवात धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो. धान्य टिकतं ते त्यामुळेच, आणि तोंड उघडल्या-उघडल्या आत उतरलेला माणूस दगावतो तोही त्यामुळेच. जुनी माणसं पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवायची, मग कंदील सोडायची, तो विझला तर कुणी उतरायचं नाही. पद्धत शहाणपणाची होती, पण कंदिलाला विषारी वायू कळत नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर आज पेवात, विहिरीत, गोबरगॅसच्या टाकीत उतरू नका. आणि आतला माणूस कोसळला तर मागोमाग उडी मारू नका. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या निओश या सरकारी संस्थेनं अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तर मेलेल्यांत साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले निघाले. भाऊ आत पडलेला दिसत असताना वर थांबणं किती कठीण आहे मला कळतं. तरी थांबा, आरडाओरडा करा, अग्निशमनला बोलवा. उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढता येतं.

थप्पीचंही एक. प्लॅस्टिकचे कट्टे एकमेकांवरून घसरतात, बारदान्यासारखे धरून राहत नाहीत. खालचा कट्टा ओढून काढू नका, लेकरांना थप्पीवर खेळू देऊ नका, आणि पलंग थप्पीच्या पायथ्याशी लावू नका.

मुळात माल घरात राहतो का, तर ठेवायला जागा नाही म्हणून. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिने, सहा टक्के व्याजानं. चांगली योजना आहे, पण पंधरा कट्टे हरभऱ्यासाठी ट्रॅक्टरचं भाडं आणि हमाली देऊन तालुक्याला कोण जाणार? आमच्या भागात गावोगावी सोसायटीची गोदामं रिकामी पडलीत, कुठे खताच्या फाटक्या गोण्या, कुठे नुसती कुत्री. ती झाडून द्या. ज्याला या गोळ्यांची धुरी द्यायचीच आहे त्याचा माल तिथे एकत्र रचा, वर जाड ताडपत्री टाकून कडेनं वाळूच्या पिशव्या दाबा, परवानाधारक माणूस बोलवा, आठवडाभर कुलूप लावा, मग दारं सताड उघडून हवा खेळू द्या. वर्षातून दोनदा केलं तरी पुरे, खर्च कट्ट्यामागे वाटून घेता येईल. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुम्ही तुमच्या गावात मांडा, आणि कृषी सहायकांना त्या दिवशी हजर राहायला आधीच सांगून ठेवा.