चप्पल लावली म्हणून थांबली म्हणे!

आज डोकं लई तापलंय, लिहून मोकळा होतो. पोस्ट लांबणार आहे, ज्याला वेळ नाही त्यानं खुशाल पुढं सरकावं.

दुपारी कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला रिक्षा स्टॉपजवळ एक कॉलेजचं पोरगं चालता चालता धाडकन खाली पडलं आणि हातपाय झाडायला लागलं. फिट. मी गाडी स्टँडला लावून पोचेपर्यंत ही गर्दी. एक टोपीवाले बाबा पायातली चप्पल काढून पोराच्या नाकाला लावून बसलेले, दुसरा मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतोय, तिसरा "कांदा आणा रं कांदा" करत वडापावच्या गाड्याकडं पळाला, आणि एक धिप्पाड गडी पोराचे दोन्ही पाय असे दाबून बसला होता की जणू खासबागेत कुस्तीच लागलीय. हे सगळं एकवेळ चाललं असतं हो, पण मागनं कोणतरी ओरडलं, "दात उघडा त्येचं, चमचा घाला, जीभ गिळंल!"

चमचा म्हटलं की माझं टाळकं सटकतं. का ते सांगतो पुढं.

गर्दीत घुसलो, पाय धरलेल्याला उठवलं, पोराला कुशीवर केलं, जर्किनची घडी करून डोक्याखाली सारली, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मोबाईलवर टाइम लावला. चप्पलवाले बाबा तापले. "ओ, तुमी डॉक्टर हायसा काय?" म्हटलं नाही, हार्डवेअरचं दुकान आहे. "मग कशाला शानपणा करतासा?" आणि तेवढं बोलून चप्पल परत नाकाजवळ. दोन-अडीच मिनिटं झाली असतील, झटके हळूहळू कमी झाले, थांबले, पोरगं घोरल्यासारखं श्वास घ्यायला लागलं. आणि बाबा उठून चार लोकांकडं बघत काय म्हणाले माहितीय? "बगा! चामड्याचा वास गेला आन् थांबली. कोल्लापुरी होती म्हणून. रबरी असती तर काय उपेग नव्हता." आणि सगळे मान डोलवतायत! एकजण तर व्हिडिओ काढत होता, आत्तापर्यंत चार ग्रुपवर फिरलापण असेल.

अहो, ती थांबणारच होती. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलत असतात, त्यात अचानक गोंधळ उडतो, एकदम सगळीकडनं संदेश सुटतात, अंग झटके देतं, आणि मग मेंदूच तो गोंधळ आवरतो. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत. चप्पल लावा, कांदा लावा, लोखंड धरा, नाहीतर नुसतं शेजारी बसून रहा, ती तेवढ्याच वेळात थांबणार. पण नाव चप्पलचं. माझं म्हणणं आज एवढंच आहे की आपल्याकडचे निम्मे गैरसमज ह्या एका गोष्टीवर जगतात. जे आपोआप बरं होतं त्याच्याशेजारी जो उभा असेल तो वैद्य.

आता चमच्याचं. माझ्या आक्काला लहानपणापासनं फिट यायची. चुलतभावाच्या लग्नात, कार्यालयात, पंगत बसलेली आणि आक्का पानावरच पडली. एक लांबचे मामा, गावात वजन असलेला माणूस, धावत आले, वाढप्याच्या हातातला स्टीलचा चमचा घेतला आणि तिच्या दातात घालून असा पिळला की समोरचा दात अर्धा तुटला. रक्त बघून आई बेशुद्ध पडायची बाकी होती. आणि फिट थांबल्यावर सगळी वऱ्हाडी मामांचे आभार मानायला लागली, "तुमी होता म्हणून पोरीची जीभ वाचली." जीभ! जीभ गिळताच येत नाही हो, ती खाली मुळाशी पक्की धरलेली असते. फार तर कडेला चावली जाते, ती भरून येते. तुटलेला दात येतो काय भरून? नशीब त्या दाताचा तुकडा श्वासनळीत गेला नाही.

मामा अजून सांगतात तो किस्सा. कुठल्याही लग्नात. आणि आक्का अजून तोंडावर पदर घेऊन हसते. दाताला कॅप बसवून कितीतरी वर्षं झाली तरी.

असो. फिटचं एक सोडा. नागीण घ्या. कमरेला फोडांचा पट्टा उठला की घरात पहिलं वाक्य, तोंडाला शेपूट मिळाली की माणूस खलास. मग गेरू लावा, उतरवून घ्या, अमक्या गावात एकजण मंत्र घालतो. लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात त्याचाच विषाणू नसांच्या मुळाशी दबून बसतो आणि वय झालं किंवा अंगातली ताकद कमी झाली की उठतो. एक नस अंगाच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते, म्हणून फोड तेवढ्याच पट्ट्यात येतात आणि अंगाच्या मधोमध येऊन थांबतात. त्या 'नागिणीला' वेढा पूर्ण करायचाच नसतो! दोन-चार आठवड्यांत खपल्या धरतात. मग मंत्रवाल्याचा गुण आला म्हणायचं. खरं औषध आहे, गोळ्या आहेत, पण त्या फोड उठल्यापासनं 72 तासांच्या आत सुरू केल्या तर चांगल्या लागू पडतात, आणि ते 72 तास आपण गेरू कालवण्यात घालवतो. डोळ्याजवळ नागीण उठली आणि वेळ घालवला तर नजर जाऊ शकते, तेव्हा गेरूवाला कुठं असतो?

कावीळ तशीच. गळ्यात काड्यांची माळ घालतात, ती रोज लांब होत जाते, म्हणजे कावीळ उतरतेय. काड्या ओल्या असतात, सुकल्या की आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, माळ लांबते. खुंटीला अडकवून ठेवली तरी लांबणार. घाण पाण्यातनं होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण जाते. पण पित्ताच्या नळीत खडा अडकून झालेली असेल, लिव्हर खराब होत चाललं असेल, तर माळ लांबत राहते आणि माणूस खंगत जातो.

आणि साप. आपल्याकडं ऊसपट्टा, प्रत्येक गावात एक साप उतरवणारा. ह्यांचा रिझल्ट एवढा चांगला कसा? कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण चावलेला, दिवड चावलेला सगळा उतरणार! विषारी सापसुद्धा कधी कधी चावताना विष सोडतच नाही. ते सगळे मांत्रिकाच्या खात्यात जमा. घोणस चावलेला मात्र लिंबाचा पाला चघळत बसला की मग "उशीर केला तुम्ही आणायला." नाग, मण्यार, घोणस, फुरसं, ह्या चारींवर चालणारं इंजेक्शन आपल्या सीपीआर सरकारी दवाखान्यात मिळतं. घोड्याच्या रक्तापासनं बनवतात ते, मंत्रापासनं नाही. साप-विंचू-कुत्रं चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे किती जणांना माहिती?

परत आक्कावर येतो, राहवत नाही.

तिला कधी तीन महिन्यांनी फिट यायची, कधी पाचेक महिन्यांनी. आता बघा ह्यात देवऋषाचं कसं फावतं. फिट येऊन गेली की आम्ही घाबरून त्याच्याकडं. अंगारा, दोरा. पुढं चार महिने काही नाही, की घरात बोलबाला, गुण आला. पाचव्या महिन्यात फिट आली की "बाहेरचं जेवली असंल", "दोरा भिजला असंल", नाहीतर "तुमची श्रद्धाच कमी". म्हणजे आली तरी तो बरोबर, नाही आली तरी तो बरोबर. असला धंदा माझ्या दुकानात चालला असता तर मी आत्ता ताराबाई पार्कात बंगला बांधला असता. शेवटी आईनंच कुणाला न विचारता तिला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासण्या झाल्या, रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी होत होत बंद झाली. डॉक्टरांना न विचारता गोळी चुकवायची नाही, एवढंच पथ्य. नीट निदान आणि औषध मिळालं तर फिट येणाऱ्या साधारण 70 टक्के लोकांना फिटशिवाय जगता येतं, जागतिक आरोग्य संघटनाच सांगते हे. चप्पलवाल्या बाबांना सांगा कुणीतरी.

लग्नाचं तर विचारूच नका. अर्धे म्हणायचे हिला कोण करून घेणार, उरलेले अर्धे म्हणायचे लग्न करून द्या, लग्न झालं की फिट जाते. हे दोन्ही एकाच ओट्यावर बसून! आणि नुसत्या लोकांना तरी काय बोलायचं, हिंदू विवाह कायद्यातच 1999 पर्यंत वारंवार फेफरं येणं ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट म्हणून लिहिलेली होती. त्या साली दुरुस्ती करून काढली. कायद्यातनं गेली, बैठकीतनं गेली नाही. 1992 च्या वर्ल्डकपमध्ये हवेत झेप घेऊन इंझमामला रनआउट करणारा जॉन्टी ऱ्होड्स, त्यालाही एपिलेप्सी आहे, त्यानं स्वतः जाहीर सांगितलेलं आहे. त्याला स्थळ बघायला गेले असते आमचे पावणे, तर "पोरगा चांगलाय पण पडतो म्हणे" करून परत आले असते.

आणि हो, "आम्ही शाकाहारी, आम्हाला कशी फिट येईल" म्हणणारेपण भेटलेत. भारतात फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत जाऊन बसणाऱ्या टेपवर्मच्या अळ्या, आणि त्यांची अंडी घाण पाण्यावर पिकवलेल्या, नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतनंपण पोटात जातात. कोशिंबीर करताना पालेभाजी धुवा जरा.

मान्य आहे, सगळ्याच समजुतींनी बिघडतं असं नाही. रंकाळ्याचा नंदी गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, पोचला की जगबुडी, हे मी माझ्या पोराला स्वतः सांगितलंय आणि परत सांगेन. घसा बसल्यावर हळद-दूधपण घेतो. 21 सप्टेंबर 1995 ला अख्ख्या देशात गणपती दूध प्यायला तेव्हा आमच्या गल्लीतपण रांग लागली होती, कुणाचं काय गेलं, चार वाट्या दूध. (चमचा तिरका धरला की पृष्ठताणानं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरनं खाली ओघळतं, तेव्हाच सांगितलं होतं शास्त्रज्ञांनी.) पण माणूस रस्त्यावर पडलेला असताना नाही चालत हो गंमत.

राग मला न शिकलेल्यांचा येत नाही. त्या गर्दीत गळ्यात आयकार्ड घातलेले, इंजिनिअरिंगची पोरं, एक तर मास्तर वाटले, सगळे गप्प. त्यातल्या दोघातिघांना नक्की माहिती होतं की चप्पल लावणं चुकीचं आहे, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण मोठ्या माणसाला कोण बोलणार! आपण म्हणे पुरोगामी. 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते गाव. कॉम्रेड पानसरेंना ह्याच गावात गोळ्या घातल्या, त्यानंतर मोर्चात माझ्याबरोबर चाललेले किती जण तुम्ही ही पोस्ट वाचताय. आणि चप्पलवाल्या बाबांना "काका, राहू द्या चप्पल" एवढं म्हणवत नाही आपल्याला?

लिहिता लिहिता एक आठवलं, ते न सांगणं बरोबर नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते बाबा हलले नाहीत. पोरगं शुद्धीवर येताना गांगरलं, रडायला लागलं, तेव्हा "काय न्हाई बाळा, बस निवांत" म्हणत त्याचा हात धरून बसले ते बाबाच. त्याच्या घरी फोन त्यांनीच लावला. उन्हात उभं राहून सावली धरली. व्हिडिओवाला कधीच पसार. मला राग त्यांच्या चप्पलचा आहे, बाबांचा नाही राहिला आता. मामांचा मात्र आहे. राहणार.

तर, पुढच्या वेळी कुणाला फिट आली तर घड्याळ बघा. आजूबाजूचं टोकदार, टणक सामान सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, कुशीवर करा, गळ्याभोवतीचं सैल करा. दाबून धरू नका, तोंडात काही म्हणजे काही घालू नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटांच्या वर गेली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली, बाई गरोदर असली, डोक्याला लागलं असलं किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली तर सरळ 108. आणि गर्दी हटवा, उठल्यावर वीस तोंडं आपल्याकडं बघतायत हे त्या माणसाला लई लागतं. आक्का सांगते.

कमेंटमध्ये "आमच्या आजोबांना चप्पलनंच गुण आला होता" लिहिणारे येणार, माहितीय मला. लिहा. रविवारी तालमीत गणपतीची मिटिंग आहे, तिथं मी विषय काढणार आहे की यंदा डॉल्बीच्या पैशातनं थोडे बाजूला काढून एका संध्याकाळी मांडवात डॉक्टर बोलवायचे, फिट आणि सर्पदंश, दोन्ही करून दाखवायला. ज्याचा विरोध असेल त्यानं तिथं यावं, चहा माझ्याकडनं. मामा, तुम्हीपण या, हे वाचताय माहितीय मला.