मोठ्या मायचा अर्ज

राजेहो, परवा पारावर एकानं मले सगळ्यायसमोर ऐकवलं, "बुढीले पोराईवर केस कराले तूच लावलं ना बे." हो, मीच. अर्ज माझ्याच सेंटरवर टाईप झाला, दोन पानं, पैसे घेतले नाही. पण मायनं पोरावर केस केली म्हणजे घराण्याची अब्रू गेली हे जे गावात चालू आहे ना, त्याच्यावर आता लिहितोच.

मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या बाबाची बायको, वय ७१. मोठे बाबा गेले तेव्हा सातबारावर दोन पोरं, एक पोरगी आणि ती स्वतः अशी चार नावं चढली. मग पोरं म्हणाली पीककर्जाला दरवेळी चौघांच्या सह्या कुठं जमवत बसायच्या, तू आणि ताई हक्कसोड करून द्या. दिलं दोघींनी. रजिस्ट्रीला जाताना बुढी नवं लुगडं नेसली होती, लग्नालेच चालली जशी. त्या कागदावर साक्षीदार म्हणून एक सही माझी आहे, लपवून काय फायदा. मायला मरेपर्यंत सांभाळू अशी एक ओळ टाकून घ्यावी हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळलं नाही तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो, पण अट होती हे दाखवावं लागतं. आमचा कागद कोरा. तुमच्या घरी कोणी बक्षीसपत्र नाहीतर हक्कसोड करत असेल तर ती ओळ आधी टाका बाप्पा.

पुढचं सांगायला नको. पंधरा दिवस याच्याकडं, पंधरा त्याच्याकडं, मोठ्याच्या घरी खाट छपरीत, खताच्या पोत्याजवळ. बीपीच्या गोळ्या संपल्या की हा म्हणणार त्याची पाळी, तो म्हणणार याची. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० येतात त्यातून गोळ्या, त्यातूनच नातवाले कुरकुरे. सोयाबीनला भाव नाही म्हणतात, मान्य, माझंही साडेतीन एकर वावर आहे, मलाही तोच भाव मिळतो. पण भाव नाही म्हणून मोठ्यानं गाडीचा हप्ता कधी थकवला नाही, फक्त मायच्याच गोळ्या थकल्या.

तर कायद्यात रस्ते दोन. एक कोर्टाचा, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, जे जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं, तिथं बायको, लेकरं आणि मायबाप सगळ्यांना पोटगी मागता येते (२००१ पर्यंत कोर्ट महिन्याला ५०० च्या वर देऊच शकत नव्हतं, आता तशी मर्यादा नाही). बाईमाणसाला तालुक्याच्या विधी सेवा समितीतून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. दुसरा रस्ता २००७ च्या कायद्याचा, कोणत्याही वयाच्या मायबापासाठी आणि साठीच्या वरच्यांसाठी, प्रांत साहेबासमोर (म्हणजे उपविभागीय अधिकारी), तिथं वकिलाशिवाय काम होतं पण महिन्याला जास्तीत जास्त १०,००० च. दोन्हीपैकी एकच धरावा लागतो. आम्ही प्रांताचा धरला. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत, फार तर अजून ३० घेऊन निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलं आहे, आम्हाला सात महिने लागले, तारखेवर तारीख.

पहिल्याच तारखेला दोघं भाऊ काय म्हणाले माहीत आहे? ताईलेपण पार्टी करा, तेपण पोरगीच आहे ना! आता कायद्यानं ते चूक नाही, लग्न झालेल्या पोरीवरही मायबापाची जबाबदारी येते असं सुप्रीम कोर्टानं १९८७ मध्येच सांगून ठेवलं आहे. पण सातबारावरून नाव काढताना ताई परक्या घरची होती ना रे! ताई बिचारी तिथंच म्हणाली, लिहा माझ्या नावानं ५००, शिवणातून देईन. साहेबानं तिचं नाव घेतलं नाही. बुढीला विचारलं, आजी किती पाहिजे? तर म्हणते, "मले पैसे नाही पायजे, माही चूल वेगळी करून द्या." ते काही ऑर्डरमध्ये बसत नव्हतं. दोघांनी दर महिन्याला दोन दोन हजार खात्यात टाकायचे असं ठरलं.

लहाना टाकतो, मागंपुढं होते पण टाकतो. मोठ्यानं दोन महिने टाकले आणि बंद. पैसे थकले की तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज टाकावा लागतो, नाहीतर त्या रकमेचं वॉरंट निघत नाही, आणि टाकल्यावरही दिले नाही तर एक महिन्यापर्यंत जेल होऊ शकते. लोकांना हे तीन महिने माहीतच नसतात, पोरगं देईल देईल करत बसतात अन तारीख निघून जाते.

काल बुढी पासबुकावर एंट्री मारून सेंटरवर आली. म्हणाली ह्या अर्जात लहान्याचं नाव नको टाकू, तो देते. नाही टाकलं. टाईप करून वाचून दाखवला, पूर्ण ऐकला तिनं, मग विचारते, "मोठ्याच्या नावापुढं श्री लावलं का रे?"